भोकं पडलेली तिकिटं

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईच्या फोर्टात फुटपाथवर जुनी नाणी, जुन्या नोटा मांडून बसणारे विक्रेते तुम्ही पाहिले असतील. त्यांच्यापैकी एकाकडे बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो, सुट्या टपाल तिकिटांनी भरलेला. अल्बममधल्या तिकिटांना तो हात लावू देत नाही, डब्यातली मात्र वीस-तीस रुपयांत मूठभर देतो. मी त्या डब्याचा जुना गिऱ्हाईक. एकदा पंचम जॉर्जचं एक तिकीट मी उजेडात धरलं, तर तोच म्हणाला, "राहू द्या साहेब, ते खराब आहे. भोकं आहेत त्याला."

भोकं होतीच. कडेचे दाते म्हणत नाही मी. ऐन राजाच्या गालावर, टाचणीच्या टोकाएवढ्या भोकांनी दोन अक्षरं काढलेली. संग्राहकांच्या भाषेत याला पर्फिन म्हणतात.

ही भोकं पाडली चोरांच्या भीतीने. ज्या काळी पेढ्यांचा सगळा व्यवहार पत्रांवर चाले, त्या काळी आवक-जावक कारकुनाच्या टेबलाच्या खणात तिकिटांचे ताव म्हणजे रोख रक्कमच पडलेली असे. दोन-चार तिकिटं खिशात घातली तर कोण मोजतंय? इंग्लंडात जोसेफ स्लोपर नावाच्या गृहस्थाने भोकं पाडणारं यंत्र केलं आणि 1868 मध्ये तिथल्या टपाल खात्याने तिकिटांवर कंपनीची आद्याक्षरं अशी टोचायला मान्यता दिली. टोचलेलं तिकीट विकायला गेलं की चोरी उघडी. ही पद्धत मग हिंदुस्थानातल्या बँका आणि व्यापारी पेढ्यांनीही उचलली. सरकारी कचेऱ्यांना गरज नव्हती. त्यांच्या तिकिटांवर 'सर्व्हिस' असं छापलेलंच असे. पुढे तिकिटाऐवजी थेट पाकिटावरच टपालखर्चाचा छाप मारणारी फ्रँकिंग मशीन आली आणि टोचण्याचं काम मागे पडलं.

गंमत अशी की भोकांनी चोर हटले, आणि त्यांच्याबरोबर संग्राहकही. खराब माल म्हणून कित्येकांनी ही तिकिटं फेकून दिली. उरली ती माझ्यासारख्याला डब्यात सापडतात.

आता अक्षरं वाचायची कशी? तिकीट पालथं घालून काळ्या कागदावर ठेवा, भोकं लख्ख दिसतात. पण लगेच नाव सांगू नका. कारकून ताव घडी घालून यंत्रात सरकवत असे, त्यामुळे एकाच तावातली काही तिकिटं समोरून टोचली जात, काही मागून, काही उलटी. 'बी' अक्षर असेल तर त्याचं पोट कुठल्या बाजूला आहे यावरून आपण सुलट बाजू बघतोय की नाही, ते कळतं. पण 'ए' आणि 'एम' आरशातही जसेच्या तसे दिसतात! म्हणजे पेढी 'ए. एम.' की 'एम. ए.', हे एकट्या तिकिटावरून ठरवताच येत नाही. मग अक्षराची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची, प्रत्येक अक्षराची भोकं मोजायची. यंत्रातली एखादी सुई मोडली असेल तर त्या जागी भोक नसतं. तीच उणीव दुसऱ्या तिकिटावर सापडली की दोन्ही एकाच यंत्राची असण्याची शक्यता बरीच वाढते. कुठल्या गावाचा शिक्का आहे, तेही पाहायचं.

एक भोक मात्र पर्फिन समजू नका. कोर्ट फी स्टॅम्पवर राजाचं डोकंच गोल पंच मारून उडवलेलं असतं. 1870 च्या कोर्ट फी कायद्यातच तसं कलम आहे: डोकं उडवायचं, किमतीचा आकडा राखायचा. राजाचं डोकं उडवायला राजाचाच कायदा!

सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे पाकीट. त्यावर पेढीचं नाव छापलेलं असलं की वादच मिटला. शिवाय शिक्का मारताना शाई भोकांतून खाली उतरते आणि पाकिटावर बारीक ठिपके उमटतात. मागाहून कुणी भोकं पाडली असतील तर ते ठिपके नसणार. म्हणून हात जोडून सांगतो, जुन्या पाकिटावरचं असं तिकीट पाण्यात भिजवून सोडवू नका. मी सोडवलं होतं. पाकीट रद्दीत गेलं, आणि आता ते तिकीट कुणाचं, देव जाणे.

आणि तो फोर्टातला पंचम जॉर्ज? त्याच्या गालावर 'व्ही. बी.' आहे. मनात लगेच येतं, व्होल्कार्ट ब्रदर्स! 1851 मध्ये स्वित्झर्लंडातल्या विंटरथुरला आणि मुंबईला एकदमच सुरू झालेली पेढी. आजच्या व्होल्टासमधला 'व्होल' तिचाच. पण त्या अक्षरांची दुसरीही पेढी असू शकते, आणि शिक्का नेमका गावाच्या नावावर पुसटलाय. वहीत मी 'व्होल्कार्ट' लिहिलंय, पेन्सिलीने, आणि पुढे प्रश्नचिन्ह. डबेवाल्याला सांगून ठेवलंय, तसंच पाकिटावरचं मिळालं तर बाजूला ठेव. तो म्हणतो, "भोकंवालं ना? पैसे नका देऊ साहेब, असंच न्या."