पगार नाकारणारा पाळक : मुंबईचे जॉर्ज बोवेन

(दृश्य : कुलाबा, बॅटरी स्ट्रीट. चर्चच्या दारावरची पाटी.)

गेटवे ऑफ इंडियाकडे निघालेल्या गर्दीतून जरा आत वळलं की बोवेन मेमोरियल मेथडिस्ट चर्च लागतं. हे नाव ज्यांचं, त्या जॉर्ज बोवेन या अमेरिकन पाळकांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरूंनी, मुंबईत चाळीस वर्षं काढली. त्यातली बरीचशी मिशनचा, म्हणजे त्यांना धाडणाऱ्या धर्मप्रचारक संस्थेचा, पगार न घेता.

जन्म १८१६ चा, अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यातल्या मिडलबरी गावचा. वडील व्यापारी, घर सुखवस्तू. तरुणपणी बोवेन यांना साहित्याचा आणि संगीताचा नाद. धर्मावर मात्र विश्वास नव्हता. एमा मॉरिस या तरुणीवर त्यांचं मन जडलं होतं. १८४४ मध्ये आजारपणात ती गेली. जाण्यापूर्वी तिनं त्यांना बायबल रोज वाचायला सांगितलं होतं. तिच्या शब्दाखातर ते वाचत राहिले, आणि वाचता वाचता विश्वास धरून बसले. पुढे धर्मशिक्षण घेऊन जानेवारी १८४८ मध्ये ते मुंबईला पोहोचले.

(दृश्य : जुन्या मुंबईची चित्रं, बाजार, अरुंद गल्ल्या.)

आल्याबरोबर मराठी शिकायला बसले. लवकरच रस्त्यावर उभे राहून मराठीतून सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा शुभसंदेश, सांगू लागले. कुणी ऐकायचं, कुणी हुज्जत घालायचं, कुणी हसून पुढे जायचं. बोवेन दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर.

पण रोज त्यांना एक गोष्ट खुपत होती. आपण बंगल्यात राहायचं, नोकरचाकर ठेवायचे, आणि बाजारातल्या माणसाला ख्रिस्ताची गरिबी सांगायची? ऐकणाऱ्याला आधी दिसतो तो आपला बंगला. हे त्यांच्या मनानं घेतलं आणि वर्षभरातच, १८४९ मध्ये, त्यांनी मिशनचा पगार सोडला. वस्तीत साधीशी जागा घेतली. शिकवणीच्या थोड्या पैशांवर भागवलं.

सहकाऱ्यांना हे सगळ्यांसाठी शक्य वाटलं नाही, आणि त्यांचं म्हणणं समजून घ्यायला हवं. बोवेन एकटे होते. बायको नाही, मुलं नाहीत. उन्हातापात, साथीच्या दिवसांत लेकरं सांभाळणाऱ्या मिशनरी कुटुंबाला असं राहणं जमलं नसतं. तरीही बोवेन यांनी विचारलेला प्रश्न खोटा ठरत नाही. पाळक कुठे राहतो, काय खातो, यावरून लोक त्याचं प्रवचन तोलतात. आजही तोलतात.

याच काळात ‘बॉम्बे गार्डियन’ या साप्ताहिकाची धुरा त्यांच्याकडे आली. तीसेक वर्षं त्यांनी ती वाहिली. त्यांचं मनन-लेखन दूरदेशीही वाचलं गेलं.

(दृश्य : घरातली प्रार्थनासभा, आजची.)

मग १८७१ च्या अखेरीस विल्यम टेलर मुंबईत आले. मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती पंथाचे सुवार्तिक, दांडगा माणूस. घराघरांत छोट्या बैठका भरू लागल्या. त्यांत माणसं आपलं पाप, आपली धडपड एकमेकांसमोर उघडपणे बोलत. टेलर यांचा आग्रह होता की मंडळीनं, म्हणजे चर्चच्या स्थानिक लोकांनी, परदेशी पैशावर जगू नये, आपल्या पाळकाचा भार आपणच उचलावा. पगार सोडून वीसहून जास्त वर्षं झालेल्या बोवेन यांना हा माणूस परका वाटलाच नसेल. पन्नाशी उलटल्यावर ते मेथडिस्ट झाले, आणि मुंबईतल्या त्या नव्या मंडळीचा आधार बनले.

आपल्या हातून फारच थोडे लोक ख्रिस्ताकडे आले, ही खंत त्यांना होती. आकडे पाहिले तर ती खरी आहे. पण पाळकाचं काम फक्त बाप्तिस्म्यांच्या नोंदीत मोजायचं का? ज्या गल्लीत सुवार्ता सांगितली त्याच गल्लीत राहून, तिथल्याच भाषेत, एवढी वर्षं लोकांना उपलब्ध असणं हीसुद्धा सेवाच होती. आमच्या मते तीच त्यांची मोठी सेवा.

५ फेब्रुवारी १८८८ रोजी बोवेन मुंबईतच वारले. तोवर ते एकदाही मायदेशी परतले नव्हते.