मूगु नोडव्वा

(पहाट. काळोखात ओल्या मातीवर पडणाऱ्या पावलांचा आवाज. चेहरा अजून दिसत नाही.)

हा आवाज ऐकतच मी मोठी झाले. बाबा माती तुडवताहेत. कडेनं सुरुवात करायची, टाचेनं दाबत दाबत मध्यावर यायचं. मध्येच ते थांबतात, वाकतात, एक खडा उचलून लांब फेकतात. हा खडा डोळ्याला दिसत नाही, टाचेला कळतो. मडक्यात एखादा बारीक खडा राहिला तर मडकं चालून जातं. आम्ही खऱ्या माणसांच्या मातीच्या बाहुल्या करतो, ज्याची जी खूण ती वाढवून. आमच्या कामात तो खडा नेमका नाकात येतो. आणि नाक गेलं की माणूसच गेला.

(उजाडतं. अंगण, पिंजरीचा ढीग, भिंतीला टेकवलेलं जुनं चाक.)

आमचं घर खानापुरात. बेळगावहून लोंढ्याच्या वाटेला लागलं की पंचवीसेक किलोमीटर. कणकुंबीला उगम पावलेली मलप्रभा आमच्या गावावरून पुढे जाते. इथल्या मातीची कौलं आणि विटा लांबवर गेल्या. खादी ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही याच गावात आहे. बाबा प्लास्टरचे साचे काढायला तिथंच शिकले. आजोबा मात्र चाकावरचे. माठ, रांजण, पणत्या, आणि दिवाळी जवळ आली की चित्रं.

मातीच्या बाहुल्याला आमच्याकडे चित्र म्हणतात. किल्ला केल्याशिवाय बेळगावच्या पोरांची दिवाळी होत नाही, आणि चित्रं मांडल्याशिवाय किल्ला पुरा होत नाही. वर सिंहासनावर महाराज, बुरुजावर मावळे, खाली विहिरीवर पाणी भरणारी बाई, तालमीतला पैलवान. आजोबांच्या हातचे मावळे गणपत गल्लीत टोपल्यांनी खपायचे.

मग बाजारात प्लास्टरचे मावळे आले. झगझगीत रंगाचे, हलके, स्वस्त. सकाळी डोक्यावर नेलेली टोपली संध्याकाळी तशीच भरलेली परत आणायची म्हणजे काय, ते बाबांनी पोरवयात बघितलंय. त्याबद्दल ते फार बोलत नाहीत. मीही विचारत नाही.

(फळीवर एक मातीचा कंडक्टर. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

त्याच पावसाळ्यात आजोबांनी हा केला. खानापूर-बेळगाव गाडीवरचा कंडक्टर. बघा, अख्ख्या अंगात दोनच गोष्टी मोठ्या आहेत. एक पोट, आणि दुसरी कानावरची पेन्सिल. गर्दीतून वाट काढताना आधी पोट यायचं, मागून कंडक्टर यायचे. पेन्सिल केली आहे ती जवळजवळ त्यांच्या हाताएवढी. गावात ज्यानं बघितलं त्यानं नाव न विचारता ओळखलं.

आजोबा ते चित्र कागदात गुंडाळून स्टँडवर घेऊन गेले. घरातली सगळी माणसं घाबरली होती, राग आला म्हणजे? कंडक्टरकाकांनी ते हातात घेतलं, फिरवून फिरवून बघितलं. मग म्हणाले, "सगळं बरोबर हाय अण्णा. पण पिशवी माझी उजवीकडं असत्या की हो." आजोबांनी डावीकडे केली होती. तसेच घरी आले आणि दुसरं करायला बसले.

तेव्हापासून घरात एक नियम आहे. ज्याचं चित्र, त्याला पहिला नग. आणि त्यानं तो आपल्या घरात मांडला तरच पुढचे नग करायचे. कुणाला वाईट वाटलं, तर साचा तिथंच फोडायचा. असे दोन साचे आम्ही फोडलेत. कुणाचे, ते सांगणार नाही.

(टोपलीत कडुनिंबाचा पाला, मध्ये मातीचा रुंद चेहरा.)

आजोबांना हे सुचलं कुठून, असं मला पुष्कळ जण विचारतात. माझ्या मते ते आज्जीकडून आलं. आज्जीचं माहेर बैलहोंगलकडचं, घरात कन्नड. तिकडे भाद्रपदात जोकुमारस्वामी निघतो. भाद्रपद शुद्ध अष्टमीला कुंभाराच्या घरी मातीचा जोकुमार होतो आणि पौर्णिमेपर्यंत बायका त्याला टोपलीत, निंबाच्या पाल्यात बसवून, गाणी म्हणत दारोदार नेतात. पाऊसपाण्याचा देव. त्याचं रूप बघा. तोंड रुंद, डोळे बटबटीत, मिशा जाड, ओठांना लोणी फासलेलं. मोजूनमापून केलेला चेहरा नव्हे हा. लांबून, टोपलीत हेलकावे खाताना, पोरासोरांनासुद्धा ओळखू यावा म्हणून केलेला आहे. आज्जीनं लहानपणी तो आपल्या वडिलांच्या हाताखाली केला होता.

मी मातीला हात लावायला लागले, तेव्हा माझ्याकडून कुणाचंच तोंड जमेना. सगळी माणसं सारखीच व्हायची. आज्जी मागून यायची आणि म्हणायची, "आधी मूगु नोडव्वा." मूगु म्हणजे नाक. आधी नाक बघ, बाई. म्हणजे नाकच असं नव्हे. कुणाचं नाक असतं, कुणाची मान असते, कुणाचं नुसतं बसणं असतं. ज्यावरून तो माणूस पाठमोरासुद्धा ओळखू येतो, ते आधी हुडकायचं, आणि बोटांनी तेवढंच वाढवायचं. बाकीचं अंग गप्प ठेवायचं.

याचा खरा कस लागला तो कुमारजींच्या वेळी. कुमार गंधर्व आमच्याच जिल्ह्यातले. 8 एप्रिल 1924 रोजी सुळेभावीला त्यांचा जन्म झाला. एका गाणंवेड्या गिऱ्हाइकानं त्यांचं चित्र मागितलं, आणि आमच्या घरात पंधरा दिवस वाद. एवढ्या मोठ्या माणसाचं काय वाढवायचं? बाबांनी जुने फोटो समोर ठेवले, गाणं लावून ठेवलं. शेवटी त्यांनी गाताना वर उठणारा हात वाढवला, आणि मिटलेले डोळे तसेच ठेवले. त्या मानानं पु. ल. देशपांडे सोपे गेले. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी कॉलेजात ते शिकवत होते, त्यामुळे इथल्या जुन्या माणसांना ते घरचेच. दात, चष्मा, पुढ्यात पेटी. चष्मा तारेचा, भाजून झाल्यावर बसवायचा.

(बाबांचे हात. चित्राचे दोन अर्धे भाग जोडताना.)

आता काम बघा. साचा दोन भागांचा. त्यात माती बोटानं दाबत जायची, भिंत करंगळीपेक्षा जाड ठेवायची नाही. मधे पोकळी हवीच. पहिल्या वर्षी आजोबांनी डोकी भरीव केली होती. वरून सुकलेली, आत ओल राहिलेली. भट्टी तापली, आतल्या पाण्याची वाफ झाली आणि रात्रभर फटाके फुटल्यासारखी डोकी फुटली. आता प्रत्येक चित्राच्या बुडाला एक भोक असतं, वाफ जायला. जोडायच्या दोन्ही कडांवर सुईनं रेघा मारायच्या, पातळ चिखल लावायचा आणि दाबायचं. एक भाग ओला आणि दुसरा सुकट असेल, तर तिथंच चीर जाणार. आणि माती सुकताना, भाजताना आवळते. दहा बोटांचं ओलं चित्र भट्टीतून नऊ बोटांचं बाहेर येतं. म्हणून ओलं असताना ते थोडं थोराडच दिसलं पाहिजे.

प्लास्टरचा साचाही झिजतो. पन्नास-साठ नगांनंतर नाकाची धार बोथट होते. तिथं बाबा थांबतात. बुडाला आकडा कोरलेला असतो, शेवटचा आकडा झाला की साचा बंद. पुण्या-मुंबईचे, पणजीचे काही जण दरवर्षी एक याप्रमाणे सगळी चित्रं जमवतात, आणि त्यांना या आकड्याचं मोठं कौतुक. आजोबांना हे कधी पटलं नाही. "मागणी हाय तर नाही कसं म्हणायचं?" असं त्यांचं म्हणणं. मला विचाराल, तर मी बाबांच्या बाजूची. बोथट नाकाचा कंडक्टर हा कंडक्टरकाकांचा अपमान आहे.

(खानापूर स्टेशन. करवंदांची टोपली, पानांचे द्रोण. सुरकुतलेले हात.)

यंदाचं चित्र या मावशींचं. उन्हाळ्यात जंगलातली करवंदं, जांभळं घेऊन त्या स्टेशनवर बसतात. गाडी थांबते जेमतेम मिनिटभर. द्रोण खिडकीपर्यंत पोचवायचा, पैसे घ्यायचे, पुढच्या खिडकीला पळायचं. मावशी बुटक्या, खिडकी उंच. वाढवायचं काय, हे या वेळी कुणाला विचारावं लागलं नाही. हात.

पण तो वर गेलेला लांब हात मातीत उभा राहीना. ओला असताना मान टाकायचा, सुकताना खांद्यात तडकायचा. नऊ वेळा मोडला. शेवटी आईनं मातीचाच एक टेकू केला. हाताबरोबर तोही सुकतो, तोही आवळतो, आणि भाजून झाल्यावर काढून टाकायचा. बांबूची काडी आवळत नाही, म्हणून हात तडकत होता. हे आईनं ओळखलं, आम्ही दोघं नुसते साचे बदलत बसलो होतो.

(भट्टी. शेणी, पिंजर, वर मातीचा लेप. धूर. मग राख.)

करवंदाचा हंगाम संपायच्या आत पहिला नग काढायचा म्हणून वैशाखातच छोटी भट्टी लावली. बाकीचे नग पावसाळ्यात घडतील आणि दसऱ्यानंतर भाजले जातील. खानापूरच्या पावसात भट्टी लावायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी राख बाजूला सारली. बाबा एकेक चित्र कानाजवळ धरून नखानं टिचकी मारतात. पक्कं भाजलेलं खणखणतं. चीर गेलेलं थद्द वाजतं.

(टिचकी. थद्द. टिचकी. थद्द. टिचकी. खण्ण.)

(स्टेशन. दुपार.)

मावशींनी चित्र पदरानं पुसलं. हाताच्या टोकाला बोट लावलं. "एवढा लांब हात हाय व्हय माझा?" मी काही बोलले नाही. बाबाही बोलले नाहीत. लोंढ्याकडून गाडी शिट्टी देत आली. मावशींनी चित्र टोपलीत, पानांवर आडवं ठेवलं, द्रोण उचलला आणि टाचा वर केल्या.

(खिडकीकडे जाणारा हात. गाडीचा आवाज. काळोख.)