कर बदलला म्हणजे नक्की काय बदललं?

बजेट झालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मला किती वाचले?" आणि उत्तर म्हणून सगळे एकमेकांना स्लॅबचा, म्हणजे उत्पन्नाच्या कुठल्या टप्प्याला किती दर त्याचा, तक्ता पाठवत बसतात. मी आज दरांवर कमीच बोलणार आहे, कारण माझं स्पष्ट मत आहे की नोकरदाराला काय किंवा छोट्या धंदेवाल्याला काय, दर तेवढे छळत नाहीत जेवढ्या मर्यादा आणि तारखा छळतात.

तरी स्लॅबचा एक गैरसमज काढूनच टाकू. "पगार वाढला तर वरच्या स्लॅबमध्ये जाईन आणि हातात उलट कमी येईल" असं अजूनही शिकलेसवरलेले लोक बोलतात. तसं होत नाही हो, वरचा दर फक्त वरच्या तुकड्याला लागतो. पण जिथे एखादी सवलत एका आकड्यावर एकदम संपते ना, तिथे मात्र ही भीती खरी ठरते. आता २०२५-२६ चंच बघा, प्राप्तिकराच्या नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत कर शून्य. हा शून्य रिबेटमुळे, म्हणजे निघालेल्या करातच मिळणाऱ्या सवलतीमुळे येतो, स्लॅब तर ४ लाखांनंतरच सुरू होतात. त्यामुळे उत्पन्न १२ लाख १० हजार झालं की स्लॅबप्रमाणे कर निघतो ६१,५००, म्हणजे दहा हजार जास्त कमावले म्हणून साडेएकसष्ट हजार भरा! एवढा अन्याय नको म्हणून मार्जिनल रिलीफ आहे, म्हणजे १२ लाखांच्या वर जेवढं कमावलं त्याहून जास्त कर नाही, त्यामुळे कर १० हजारांवर थांबतो, पण त्यावर ४ टक्के सेस, म्हणजे करावरचा अधिभार, लागतोच, म्हणजे १०,४०० गेले. जास्तीचे दहा हजार कमावून चारशे रुपये खिशातून, हसू नका, नियम असाच आहे. आणि हो, शेअर विकून झालेल्या नफ्यासारखं उत्पन्न ज्याला वेगळा दर लागतो, त्याच्या करावर हा रिबेट मिळत नाही, त्यामुळे "मी बाराच्या आत आहे" म्हणून निवांत राहिलेल्यांनी तेवढं तपासा.

कधी कधी तर काहीच बदलत नाही आणि तरी कर वाढतो. ब्रिटनमध्ये करमुक्त उत्पन्नाची मर्यादा २०२१ पासून १२,५७० पौंडांवर गोठवलेली आहे. महागाईमुळे पगार वाढले, मर्यादा जागची हलली नाही, मग दर न वाढवता जास्त लोक जाळ्यात. सरकारला हे फार सोयीचं, कारण भाषणात "करवाढ" शब्दच उच्चारावा लागत नाही.

धंद्यात या मर्यादा अजून विचित्र वागतात. ब्रिटनमध्येच व्हॅटसाठी (विक्रीवरचा कर, आपल्या जीएसटीसारखा) नोंदणी सक्तीची होण्याची उलाढालीची मर्यादा बरीच वर्षं ८५ हजार पौंड होती, एप्रिल २०२४ पासून ९० हजार झाली, आणि आकडेवारीत स्पष्ट दिसतं की मर्यादेच्या जरा खाली धंद्यांची गर्दी झालेली असते. काही जण खरंच काम थांबवतात, काही जण बिल फाडत नाहीत, काय समजायचं ते समजा. आपल्या जीएसटीतही मर्यादा आहे, पण खाली राहणं नेहमीच फायद्याचं नसतं. गिऱ्हाईक घरगुती असेल तर ठीक, पण तुम्ही कंपन्यांना माल देत असाल तर त्यांना इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, हवं असतं, ते तुम्ही देऊ शकत नाही, मग ते दुसरीकडे जातात. म्हणून मर्यादेच्या आत असूनही कितीतरी जण आपणहून नोंदणी करतात. शिवाय रिटर्न भरायचा, सॉफ्टवेअरचा, अकाउंटंटचा खर्च छोट्याला आणि मोठ्याला उलाढालीच्या प्रमाणात लागत नाही, छोट्याला तो जास्तच बोचतो.

सगळ्यात बोलण्यासारखं उदाहरण मात्र ४५ दिवसांच्या नियमाचं, प्राप्तिकर कायदा १९६१ मधलं कलम ४३बी(एच). हेतू एकदम चांगला, मोठे लोक छोट्यांचे पैसे अडकवून ठेवतात ना, तर सूक्ष्म किंवा लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, आणि ते वर्षअखेरीला थकलेलेच असले, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी दाखवता येत नाही, पैसे देईल त्या वर्षी दाखवायचा. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांना मात्र हे संरक्षण नाही, उत्पादन किंवा सेवा हवी. नियम लागू झाला आणि धास्ती कुणी घेतली? छोट्यांनीच! ऑर्डर नोंदणी नसलेल्याकडे जाईल म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, रद्द करायच्या गोष्टी सुरू झाल्या. कायदा ज्याच्यासाठी केला तोच त्यातून बाहेर पडायला बघतोय, ही माझ्या मते नियम चुकल्याची नाही तर बाजारात कुणाचं वजन किती आहे त्याची खूण आहे.

आत्ता पुढून प्रश्न आला की मग नोंदणी ठेवायची का काढायची. मी तरी म्हणेन ठेवा. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागायचा हक्क त्याच नोंदणीवर उभा आहे. उद्यम नंबर बिलावर छापा, आणि कुणाकडे किती दिवसांचे पैसे थकलेत ती यादी फेब्रुवारीतच काढून समोरच्या अकाउंट्सवाल्याला पाठवा, ३१ मार्चनंतर त्याला तुमची घाई नसते.