आधी नथ मोजा, मग लेन्स घ्या

नमस्कार. आत येताना बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, मालाचे फोटो काढायला कॅमेरा कोणता घेऊ?" मी तुम्हाला उलट विचारते. तुम्ही विकता त्यातली सगळ्यात लहान वस्तू किती मिलिमीटरची आहे? आणि जिथे फोटो काढणार ती खोली किती फुटांची? ही दोन मापं खिशात ठेवून दुकानात गेलात, तर नको ते कुणी तुमच्या गळ्यात मारू शकणार नाही.

हिशेब शाळेतला आहे. नवशिक्यांना परवडणाऱ्या बहुतेक कॅमेऱ्यांत एपीएस-सी मापाचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारी चकती असते, रुंदी 22 ते 24 मिलिमीटर. आपण 22 धरू. आता नथ घ्या, 30 मिलिमीटरची. आजूबाजूला थोडी मोकळी जागा ठेवून चौकटीत 35 मिलिमीटर बसवायचे आहेत. 22 भागिले 35, म्हणजे साधारण 0.63. प्रत्येक लेन्सच्या माहितीत 'मॅक्झिमम मॅग्निफिकेशन' असा आकडा असतो, म्हणजे वस्तू सेन्सरवर जास्तीत जास्त किती पट उमटते ते. तो 0.63 पेक्षा कमी असेल, तर त्या लेन्सने नथ चौकटभर येणार नाही. बाकी दुकानदार काय सांगतो ते ऐकून घ्या आणि सोडून द्या.

आता गंमत बघा. नवीन माणसाला जो तो सुचवतो ती 50 एमएम, एफ 1.8 लेन्स. एमएमचा आकडा जितका मोठा, तितकं लांबून काढता येतं. कॅननच्या एसटीएम लेन्सचा हा आकडा आहे 0.21, निकॉनच्या 1.8 जीचा 0.15. आणि कॅमेऱ्यासोबतच मिळते, जिला सगळे नावं ठेवतात, त्या किट लेन्सचा? निकॉनच्या 18-55 एएफ-पीचा 0.38! कॅननच्या पन्नासने काढलेल्या फोटोत नथ चौकटीच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान येते. 24 मेगापिक्सेलचा फोटो कापून घेतला, तरी नथ 1700 पिक्सेलच्या आसपास उरते, वेबसाइटवर तेवढी चालून जाते. पण मोती ओवलेल्या तारेचा पीळ दाखवायचा असेल, तर नाही.

मग काय करायचं? पन्नास घरात असेलच, तर लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे एक्स्टेन्शन ट्यूब लावा. आत काच नसलेली पोकळ नळी ती. 25 मिलिमीटरची नळी 50च्या लेन्सच्या आकड्यात साधारण 0.5ची भर घालते, 0.21चे 0.7 होतात. घेताना इलेक्ट्रिक कॉन्टॅक्ट असलेलीच घ्या, नाहीतर अ‍ॅपर्चर बदलता येत नाही. दागिने हाच धंदा असेल, तर मात्र सरळ मॅक्रो, म्हणजे लहान वस्तू चौकटभर काढणारी लेन्स घ्या, आणि जमलं तर 40 किंवा 60 ऐवजी 90-100 एमएमची.

ती का, ते हुपरीचं चांदीकाम करणाऱ्यांना लगेच कळेल. पैंजणाचा एक एक घुंगरू म्हणजे गोल आरसाच. 40च्या मॅक्रोने इतक्या जवळ जावं लागतं, की प्रत्येक घुंगरात काळा कॅमेरा आणि त्यामागे तुमचं डोकं दिसतं. 90-100ने लांबून काढता येतं आणि मधे बटर पेपर ताणायला जागा मिळते. पैंजणाला चारी बाजूंनी बटर पेपर लावा, एकाच ठिकाणी लेन्सपुरतं भोक पाडा. घुंगरावर काळा ठिपका उरेल, पण तो टिकलीएवढा.

चपलावाल्यांचं दुखणं वेगळं. कोल्हापुरी चप्पल लहान नाही, तिला कुठलीही लेन्स पुरते. पण मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते. जवळून काढलं, की अंगठा भला मोठा आणि टाच लहान पोराची. दोन पावलं मागे जा, किट लेन्स 55वर फिरवा, किंवा मोबाइलवरच दोन-तीन पट झूम करा. लोणची-मसाल्याच्या पाऊचला तर कॅमेरा घेऊच नका. मोबाइल पुरे, पैसे दिव्यांत घाला.

पैठणीला खोलीचं माप लागतं. पुतळ्याला नेसवलेली साडी वरपासून खालपर्यंत घ्यायची, तर 50ने तुम्हाला जवळजवळ पंधरा फूट मागे जावं लागेल. दहा बाय दहाच्या खोलीत तुमची पाठ भिंतीला लागते आणि पदराचा मोर कापला जातो. 35 एमएमच्या लेन्सने दहा-साडेदहा फुटांत काम होतं, किट लेन्स 30च्या आसपास ठेवली तर त्याहून कमी जागेत. रंगासाठी एकच करा, खिडकीचा उजेड आणि ट्यूबलाइट एकत्र करू नका. अंजिरी साडी जांभळी दिसली, की ती परत येणारच.

एफ 1.8साठी जास्त पैसे मोजणाऱ्यांना एक सांगते. एफचा आकडा लेन्समधल्या छिद्राचा. आकडा लहान तर छिद्र मोठं, उजेड जास्त, पण शार्प भाग पातळ. म्हणून वस्तूच्या फोटोत आपण एफ 8 ते 11वरच असतो. नथीच्या एवढ्या जवळून एफ 11लासुद्धा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा भाग शार्प येतो. कमी पडणारा उजेड ट्रायपॉड भरून काढतो, कारण त्यावर शटर जास्त वेळ उघडं ठेवता येतं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, 100, दोन सेकंदांचा टायमर, शटर हवं तर अर्धा सेकंद. नथ कुठे पळून जात नाही. म्हणून वेगवान फोकस, सेकंदाला वीस फोटो, अंधारातली करामत, यातलं काहीच आपल्याला लागत नाही. बॉडी, म्हणजे लेन्स सोडून नुसता कॅमेरा, जुनी, सेकंडहँड घेतली तरी चालते. लोक मिररलेसकडे, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांकडे वळले, त्यामुळे चांगले डीएसएलआर, म्हणजे आधीचे आरशाचे कॅमेरे, बाजारात पडून आहेत.

लेन्स सेकंडहँड घेताना मात्र मोबाइलचा टॉर्च न्या. दोन्ही टोकांची झाकणं काढा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून तिरका उजेड टाका. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर ती बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात ती वाढतच जाते, तेव्हा कितीही स्वस्त असली तरी ती लेन्स ठेवून या. आणि चांगली मिळाली, तर जूनच्या आत एक हवाबंद डबा आणि सिलिका जेल आणून ठेवा.