गोळी सुरू झाल्यावर वजन का वाढतं? एपिजेनेटिक्सचा त्यात किती हात?

नमस्कार.

"जरा तोंडावर ताबा ठेव ना!"

माझ्या धाकट्या भावाला ओलान्झापिन, म्हणजे स्किझोफ्रेनियासारख्या भास होणाऱ्या मानसिक आजारांवरची गोळी, सुरू झाली, तेव्हा हे वाक्य मी त्याला कितीतरी वेळा ऐकवलंय. गोळीने त्याच्या कानातले आवाज थांबले, झोप लागायला लागली. आणि तीन महिन्यांत त्याची एकही पँट त्याला होईना. जेवून उठला की अर्ध्या तासात पुन्हा भूक. मला वाटायचं, हा हट्टीपणा करतोय. माझं चुकत होतं, आणि ते का चुकत होतं तेच आज सांगायचंय.

मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. भूक लागली, पोट भरलं, हा सगळा हिशेब तिथे चालतो. "आता पुरे" हा निरोप तिथे पोचवण्यात हिस्टामिन आणि सेरोटोनिन या दोन रसायनांचा मोठा वाटा असतो. ओलान्झापिन आणि त्याच गटातलं क्लोझापिन ही औषधं नेमके त्यांचे काही रिसेप्टर, म्हणजे पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागा, अडवून धरतात. म्हणजे पोट भरतं, पण भरल्याचा निरोप नीट पोचत नाही. अशा माणसाला "ताबा ठेव" म्हणून काय उपयोग?

बरं, गोष्ट नुसत्या भुकेचीही नाही. ही औषधं स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवरचा एक रिसेप्टरही अडवतात. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना फक्त नऊ दिवस ओलान्झापिन दिलं होतं. वजन वाढलेलं नव्हतं, तरी त्यांच्या शरीरावर इन्सुलिनचा परिणाम कमी व्हायला लागला होता. म्हणून वजनकाटा हलला नाही तरी साखर तपासायला हवी.

आता एपिजेनेटिक्स.

(पडद्यावर: रिळाभोवती गुंडाळलेला दोरा)

डीएनए हा लांबलचक दोरा समजा. तो हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. जिथे गुंडाळी घट्ट, तिथली जनुकं पेशीला वाचता येत नाहीत. जिथे सैल, तिथली वाचता येतात. शिवाय डीएनएवर जागोजागी मिथाइल नावाचे छोटे रासायनिक गट चिकटतात, आणि बऱ्याचदा त्यामुळे ते जनुक गप्प बसतं. दोरा तोच राहतो, त्यातली अक्षरंही तीच राहतात. काय वाचलं जाणार, ते मात्र बदलतं. या बदलांचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स.

इथे व्हॅल्प्रोएटची गोष्ट सांगायलाच हवी. हे रसायन १८८२ साली तयार झालं. पुढे कित्येक दशकं ते प्रयोगशाळेत इतर पदार्थ विरघळवायला वापरत. १९६०च्या दशकात कळलं की ते फिट्स थांबवतं. नंतर ते बायपोलर आजारातही द्यायला लागले. आणि २००१ साली दिसलं की हे औषध ही गुंडाळी घट्ट करणाऱ्या एन्झाइमलाच अडवतं! म्हणजे इतकी वर्षं डॉक्टर एक एपिजेनेटिक औषध लिहून देत होते आणि कोणालाच ते माहीत नव्हतं. व्हॅल्प्रोएटने वजनही वाढतं. पण ते याच मार्गाने वाढतं असं सिद्ध झालेलं नाही, म्हणून या दोन गोष्टी मी जोडणार नाही. तुम्हीही जोडू नका.

अशीच सावधगिरी बाकीच्या अभ्यासांबाबतही हवी. ही औषधं घेणाऱ्यांच्या रक्तात मिथाइल खुणा बदललेल्या दिसल्या आहेत. पण रक्ताच्या पेशी म्हणजे मेंदूच्या पेशी नव्हेत. शिवाय ती खूण औषधाने उमटली, आजाराने उमटली की वाढलेल्या वजनाने, हे वेगळं काढणं फार अवघड असतं. त्यामुळे "तुमची जनुकं रीसेट करतो" म्हणत कोणी पावडर विकत असेल, तर कृपा करून पैसे घालवू नका.

मला स्वतःला सगळ्यात जास्त हलवून गेला तो दुष्काळ. १९४४-४५चा हिवाळा, नेदरलँड्स. नाकेबंदीमुळे लोकांची उपासमार झाली. त्या काळात ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्यात पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाण साधारण दुप्पट आढळलं. गर्भात ती उपासमार सोसलेल्यांना मोठेपणी साखरेचा त्रासही जास्त झाला. आणि २००८ साली, म्हणजे सहा दशकांनंतर, वाढीशी संबंधित एका जनुकावर मिथाइलच्या खुणा कमी असल्याचं दिसलं. एकच उपासमार, मनावरही आणि साखरेवरही! म्हणजे काहींच्या शरीरात गोळीच्या आधीच जमीन तयार झालेली असू शकते. हेन्री मॉडस्ले या ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञाने १८७९ सालीच लिहून ठेवलं होतं की वेडेपणा असलेल्या कुटुंबांत मधुमेह बऱ्याचदा दिसतो. तेव्हा यातलं एकही औषध नव्हतं.

मग गोळी बंद करायची का? अजिबात नाही. फिनलंडमध्ये ११ वर्षांच्या नोंदी तपासल्या, २००९ साली निष्कर्ष आले. वजन सगळ्यात जास्त वाढवणाऱ्या औषधांपैकी एक क्लोझापिन. पण मृत्यूचं प्रमाण सगळ्यात कमी होतं ते क्लोझापिन घेणाऱ्यांमध्ये. आजार मोकाट सुटला तर तोही जीव घेतो.

करायचं ते मोजमाप. अमेरिकेतल्या मधुमेह आणि मानसोपचार संघटनांनी २००४ साली मिळून वेळापत्रक दिलं: सुरुवातीला वजन, पोटाचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटी साखर, रक्तातली चरबी. मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्यात वजन, पुढे दर तीन महिन्यांनी. बाराव्या आठवड्यात रक्तदाब, साखर आणि चरबी पुन्हा. वजन पाच टक्के वाढलं, म्हणजे साठ किलोच्या माणसाचं तीन किलो, की औषध बदलण्याचा विचार करायचा. अरिपिप्राझोलसारखी औषधं वजनाच्या बाबतीत बरीच सौम्य आहेत. सोबत मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषधही देता येतं. पण हे सगळं डॉक्टरांशी बोलून, मनाने नाही.

माझ्या भावाचं पहिल्या दिवशीचं वजन कोणीच लिहून ठेवलं नाही. आम्हीही नाही. पाचव्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "किती वाढलं?" आणि आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो.

म्हणून घरात कोणाला ही गोळी सुरू होणार असेल, तर पहिल्या गोळीआधी टेप काढा. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड, यांच्या बरोबर मध्ये धरा. श्वास सोडू द्या. टेप आवळू नका. आकडा लिहा, शेजारी तारीख टाका, आणि तो कागद डॉक्टरांच्या फाइलला लावा.