रिपोर्ट नॉर्मल, दुखणं तसंच

श्रोतेहो, नमस्कार.

महिनोन् महिने दुखतंय, तपासण्या झाल्या आणि रिपोर्ट आला नॉर्मल. मग घरचेच म्हणतात, मनाचे खेळ असतील. तसं मानू नका. जो प्रश्न विचारला, तेवढ्याचंच उत्तर तपासणी देते.

तळपायांची आग होते म्हणून एनसीव्ही ही नसांची तपासणी केली, असं धरू. ती मोजते जाड नसांतून संदेश धावण्याचा वेग. आगीची जाणीव नेणारे बारीक तंतू तिला सापडतच नाहीत. त्यासाठी त्वचेचा जेमतेम 3 मिलिमीटरचा तुकडा काढून तपासतात. एनसीव्हीच्या दिवशी हातापायांना तेल, क्रीम लावू नका. पाय गार असतील तर आधी ऊब द्यायला सांगा, कारण गारठलेल्या नसेचा वेग मुळातच कमी भरतो.

कधी चुकते ती वेळ. गाउट या संधिवातात सांधा सुजून लाल झालेला असतानाही रक्तातलं युरिक ॲसिड नॉर्मल येऊ शकतं. सूज उतरल्यावर साधारण 2 आठवड्यांनी ते पुन्हा तपासावं. पोटातल्या एच. पायलोरी जंतूसाठी श्वासाची तपासणी करतात. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारखी ॲसिड कमी करणारी गोळी त्याआधी 2 आठवडे आणि अँटिबायोटिक 4 आठवडे बंद नसेल, तर जंतू असूनही निगेटिव्ह येऊ शकतं. गोळी बंद मात्र डॉक्टरांना विचारूनच करा. पोटाच्या सोनोग्राफीला 6 ते 8 तास उपाशी जायचं. खाल्लं की पित्ताशय आकसतं आणि आतले खडे नीट दिसत नाहीत.

उलटा घोटाळाही होतो, आणि तो जास्त महागात पडतो. पाठीच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधली चकती फुगलेली दिसली, की सगळं खापर तिच्यावर. पण अजिबात पाठ दुखत नसलेल्यांचे एमआरआय पाहिले, तर विशीत सुमारे 30 टक्के आणि ऐंशीत 84 टक्के लोकांत ती फुगलेली सापडते. म्हणून कळ नेमकी त्या चकतीजवळच्या नसेच्याच वाटेनं उतरते का, हे डॉक्टरांनी हातानं तपासून पाहायलाच हवं. त्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका.

डॉक्टरांना दुखण्याचं मूळ ठरवता यावं म्हणून दोन आठवड्यांची टिपणं न्या: कुठे दुखतं, किती वाजता, कशानं वाढतं, रात्री झोपमोड होते का, कोणत्या गोळीनं किती तास उतार पडतो. वजन घटलं असेल किंवा ताप येत असेल, तर ते सर्वांत आधी सांगा.

पाठदुखीबरोबर लघवी अडली, मांड्यांच्या आतला भाग बधिर झाला किंवा दोन्ही पायांतली ताकद गेली, तर टिपणं राहू द्या. त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा.