एकच कॅन्टीन, आणि गेटवरचा बॉन्ड

१९८३चं गुडगाव. मारुतीचा कारखाना नुकताच सुरू होतोय, सरकारी कंपनी, पण पार्टनर जपानची सुझुकी. तेव्हा आपल्याकडे फॅक्टरीत कसं असायचं, साहेबाला केबिन, दाराशी शिपाई, जेवायची खोली वेगळी, संडाससुद्धा वेगळा. आणि इथे मोठ्या साहेबापासून लाइनवरच्या पोरापर्यंत सगळ्यांना एकच युनिफॉर्म, एकच कॅन्टीन, ताट घेऊन एकाच रांगेत उभं राहायचं, ऑफिसातही केबिन नाहीत, सगळे एका हॉलमध्ये. बऱ्याच साहेब लोकांना हे जड गेलं.

डच संशोधक हॉफस्टेडने आयबीएमच्या देशोदेशीच्या स्टाफचा सर्व्हे केला होता, वरचा-खालचा हे अंतर लोक किती मुकाट मान्य करतात, त्यात भारत ७७, जपान ५४, आकडा जितका मोठा तितकं मुकाट मान्य करणं जास्त. याचा अर्थ कंट्रोल जपानी फॅक्टरीत कमी असतो असं अजिबात नाही, तिथे सेकंद मोजतात, पण गाडीत चूक दिसली तर लाइनवरचा माणूस स्वतः काम थांबवू शकतो, सुपरवायझरची वाट बघत बसत नाही.

आता तो माणूस कंपनीवर एवढा भरवसा का ठेवतो? कॅन्टीनमुळे नाही हो. युद्धानंतर जपानच्या मोठ्या कंपन्यांत एकदा कायम झालं की रिटायर होईपर्यंत नोकरी, हे जवळपास ठरलेलंच असायचं. माझ्या मते सुझुकीसोबत युनिफॉर्म आला, ही हमी आली नाही.

२०११, मारुतीचाच गुडगावजवळचा मानेसरचा प्लांट. शेकडो पोरं कंत्राटी, काम तेच, पगार बराच कमी. चहाची सुट्टी साडेसात मिनिटं, बाथरूमही त्यातच. कामगारांनी स्वतःची वेगळी युनियन मागितली, ताणाताणी झाली, आणि ऑगस्टच्या शेवटी गेटवर कागद आला, शिस्तीत वागेन असं लिहून द्या मगच आत या. गुड कंडक्ट बॉन्ड म्हणायचे त्याला. ज्याच्या हातात लाइन सोपवायची त्याच्याकडूनच असा कागद लिहून घ्यायचा, मला हे फार लागतं. बहुतेकांनी सही केली नाही, महिनाभर गेटबाहेर बसून राहिले.

पुढच्या वर्षी, १८ जुलै २०१२ला, याच प्लांटमध्ये हिंसाचार झाला, जाळपोळ झाली, एचआरचे जनरल मॅनेजर त्यात गेले. त्यांच्या मृत्यूचं समर्थन कशानेच होऊ शकत नाही. त्यानंतर मुख्य कामावर ठेकेदाराची माणसं ठेवायची नाहीत असं कंपनीने जाहीर केलं. मग टेम्पररी पोरं थेट कंपनीच्या नावावर येऊ लागली, काही महिन्यांच्या बोलीवर, मुदत संपली की परत गावी.